शेवटचं वेटोळं

ऑरिनने चष्मा पुसला आणि पुन्हा चिमटा उचलला. शिडाच्या बोटीची हातभर प्रतिकृती स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार उभी होती. फक्त डाव्या बाजूच्या शेवटच्या खुंटीवर दोराचं एक वेटोळं उलटं राहिलं होतं.

दार ढकलून त्याच्या बायकोची, व्हर्नाची, बहीण मर्ल आत आली. अंगात चर्चला जायचा कोट.

"चल. तुझी चौकशी करून करून पाद्री दमला बिचारा."

"काम आहे. उद्या संग्रहालयाची माणसं हिला न्यायला येणार. एकदा काचेत बसली की हात लावता यायचा नाही."

"आता आणि काय राहिलंय?"

त्याने चिमट्याने दाखवलं. मर्ल वाकली. "अगं बाई, उलटं!"

लुनेनबर्ग बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल, बोटीवर दोर सूर्य फिरतो त्या बाजूनेच गुंडाळायचा. उलटा गुंडाळला तर अपशकुन.

"व्हर्नाने केलंय," ऑरिन म्हणाला. "सगळ्या बोटींची वेटोळी तीच करायची. सगळी उलटी. रविवारी ती चर्चला गेली की मी एकेक सोडवून सुलटं करायचो. तिला वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. हे तिने दवाखान्यात जायच्या आधी केलं. तिथून ती परत आलीच नाही."

मर्ल त्याच्याकडे बघत राहिली. मग खुर्ची ओढून बसली.

"खुळाच आहेस. कोळ्याची पोर ती. आमच्या बापाने आम्हाला बोलता यायच्या आधी दोर गुंडाळायला शिकवलं."

"मग?"

"मुद्दाम करायची. म्हणायची, मी नसले की हा नुसता खिडकीत बसून राहतो. हाताला काहीतरी चाळा हवा त्याच्या."

चर्चची घंटा वाजायला लागली. मर्लने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि एकटीच गेली.

त्याने दोराचं टोक चिमट्यात धरलं. एक फेरा सुटला. तो थांबला. सुटलेला फेरा त्याने होता तसा, उलटाच, परत घातला.

चर्च सुटल्यावर मर्ल पुन्हा डोकावली. तो टेबलापाशीच होता.

"झालं का?"

"नाही."

"अरे, उद्या न्यायला येतील ना?"

"नको म्हणून कळवतो त्यांना."

"आणि हे कधी करणार?"

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला.