घाटासाठी नवा पंखा

"पंख्याची मोटर जळलीय." दादाने बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. "तुझा नवरा आणि ही गाडी एकाच कारखान्यातले दिसतात. जरा कुठे चढ आला की तापले."

बहीण हसली नाही. तिने ओढणी गळ्याभोवती आवळून घेतली. तरी काळानिळा डाग दिसायचा तो दिसलाच.

"पडलीस?"

"हो."

दादाने पुढे विचारलं नाही. मागे एकदा तो तिच्या नवऱ्याला जाब विचारून आला होता. त्याची शिक्षा तिनेच भोगली.

"नवा टाक. उद्या पहाटे हे एकटेच घाटापलीकडे जाणार आहेत. गाडी वाटेत बंद पडता कामा नये, दादा."

"नाही पडणार."

"माझी शपथ?"

"अगं बाई, काम करू देशील की नाही? आत जा, वहिनीशी बोल."

ती आत गेली. दादाने बोल्ट सोडवले, जळका पंखा वर ओढून काढला, नवा बसवला. मग जोडणीतल्या दोन तारांची अदलाबदल केली. पंखा फिरू लागला, पण उलटा. रेडिएटरमधून गार वारा ओढायचा सोडून इंजिनाची धग त्याच्यावरच फेकू लागला. सपाट रस्त्यावर काही कळणार नव्हतं. चढाला इंजिन उकळणार होतं.

तिचा नवरा घाटात अडकला की इकडे बहिणीला आणि तिच्या पोरांना घरी आणायचं. पुन्हा पाठवायचं नाही. दादाने मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि बॉनेट लावलं.

"झालं?" बहिणीने बाहेर येत विचारलं.

"ऐक की, कसा घुमतोय!"

ती वाकून त्याच्या पाया पडली.

"हे काय मधेच?"

"असंच."

सकाळी ऊन वर आल्यावर दादा गॅरेजची व्हॅन घेऊन बहिणीच्या दारात उभा राहिला. मागची सीट त्याने पोरांसाठी पुसून घेतली होती.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. पायात चपला, हातात मोबाइल.

"बरं झालं आलात, मेहुणे. तुमची बहीण मला झोपेत ठेवून पोरांसकट गाडी घेऊन पळाली. घाटात बंद पडलीय. गाडी माझ्या नावावर, म्हणून पोलीस चौकीवाल्यांनी मलाच फोन केला. म्हटलं, बसवून ठेवा, येतोच. व्हॅन आणलीय ना? चला, सोडा मला तिच्याकडे."