कप्तान परत सुटला

"आवर तुझा घोडा, दादू! माझा लाल माठ सगळा खाल्लान!"

"मग कुंपण घाल! जनावर ते, त्याला काय कळतंय कुणाचं अंगण?"

"त्याला नाय कळत, मालकाला तरी कुठे कळतंय मेल्या!"

अख्ख्या वाडीला ऐकू गेलं. दारात मासळी साफ करत बसलेल्या गोदाकाकूने मान पण वर केली नाही. रोजचंच होतं. चारला घोडा सुटणार, दादू त्याला शोधायला जाणार, पाऊण तासाने खालच्या अंगाला कमळाचा आवाज फुटणार, आणि मग दादू घोड्यावर बसून बडबडत पाखाडी चढून वर येणार.

कमळा दादूची सख्खी धाकटी बहीण. वाडीतच दिलेली. पाखाडीच्या पायऱ्या उतरल्या की तिचं घर. पण नऊ वर्षांपूर्वी बापाच्या जागेतल्या एका फणसावरून दोघांचं वाजलं. देवळात नारळ ठेवून दोघांनी शपथ घेतली, ह्यापुढे एकमेकांच्या अंगणात पाय टेकवणार नाही. पुढच्याच पावसात फणस पडला. शपथ राहिली. सोडवायची तर दोघांनी मिळून देवीला गाऱ्हाणं घालायला लागतं. आणि पहिलं कोण बोलणार?

शिमग्याला डोंबिवलीहून आलेला संदेश, दादूचा मुलगा, हे सगळं आठ दिवस बघत होता. आता त्याचं डोकं सटकलं.

"बाबा, बस झालं. रविवारी टेम्पो येतोय. गणपतीपुळ्याचा एक माणूस कप्तानला घेऊन जाणार."

दादू खळ्यात बसून नखं साफ करत होता. नखांत कायम कातळाची लाल माती.

"मांडवीच्या समुद्रावर बारा वर्षं पोरांना फिरवलान त्याने. आता म्हातारा झाला तो. त्याच्यावर कोण बसणार?"

"तुम्ही बसता की रोज."

"माझी गोष्ट वेगळी. माझे गुडघे दुखतात."

"आणि एखाद दिवस रस्त्यावर गेला, डंपरखाली आला, मग?"

"तो रस्त्याला जात नाय."

"हो. थेट आत्याच्या माठात जातो. शोभतं का रोज असलं?"

दादू परत नखं कोरायला लागला. संदेशलाच जरा वाईट वाटलं.

"बरं. रविवारपर्यंत एकदा पण सुटला नाय, तर राहू दे. सुटला तर जाणार."

"शपथ?"

"शपथ-बिपथ मी घेत नाय. शपथेने ह्या घरात काय झालं ते बघितलंय. चहा ठेवू?"

"नको. चारच्या चहाने मला पित्त होतं."

कप्तान ज्या गवताच्या तुकड्यात असायचा, त्याला चारी बाजूंनी गडगा होता. छातीएवढा, सुक्या दगडांचा, दादूने स्वतः रचलेला. ना सिमेंट, ना माती. पंचक्रोशीत कुणाला गडगा घालायचा झाला की दादूला बोलवायचे, असा त्याचा हात. आत जायला एकच बेडं, आडव्या बांबूंचं. संदेशने त्याला साखळी घातली, कुलूप लावलं आणि दोन्ही चाव्या आपल्या खिशात टाकल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी पण तोच दाखवायचा.

गुरुवारी घोडा सुटला नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी पण नाही.

दादूचं मात्र कशात लक्ष लागेना. चार वाजले की उठायचा, अंगणात दोन फेऱ्या मारायचा, परत बसायचा. कप्तान बेड्यावर मान टाकून खाली बघत राहायचा. शनिवारी गोदाकाकू येऊन विचारून गेली, "कमळा विचारते, घोडा आजारी हाय काय?"

"ठणठणीत हाय म्हणून सांगा," संदेश बोलला. "तीन दिवस भांडायला मिळालं नाय म्हणून तिला चैन पडत नसेल."

रविवारी जेवून तो आडवा झाला. उठला तेव्हा सव्वाचार वाजले होते. खळं रिकामं. तो धावत गडग्याकडे गेला.

कुलूप जसंच्या तसं. साखळी जशीच्या तशी. गडगा पण उभा, एक दगड इकडचा तिकडे नाही. आत घोडा नव्हता.

टेम्पो पाचला येणार होता. संदेशने दोर उचलला आणि पाखाडी उतरायला लागला. तोंडात येतील त्या शिव्या घोड्याला, बापाला, आत्याला, सगळ्यांना. आज ह्या दोघांना समोरासमोरच उभं करायचं, असं ठरवूनच तो निघाला होता.

खाली आवाज नव्हता कसला. तो आत्याच्या आवाराबाहेर थांबला आणि झुडपांच्या फटीतून आत बघितलं.

समोर माठाचा वाफा होता. लालभडक, भरगच्च. एक पान कुरतडलेलं नव्हतं.

त्याच्या पलीकडे पडवीला चिकटून कप्तान उभा होता, डोळे अर्धे मिटून गूळ चघळत. पाठीवर दादू. पाय जमिनीपासून चांगले दोन हात वर. पडवीच्या कट्ट्यावर उभी राहून कमळा त्याच्या हातातल्या बशीत चहा ओतत होती.

"दादा, तीन दिवस तुझा चहा ओतून टाकला रे."

"काय करू? पोराने कुलूप घातलान. आज गडगा काढला नि परत रचला."

"ह्या वयात?"

"गूळ संपला त्याचा. अजून दे."

संदेशच्या खिशात मोबाईल थरथरला. टेम्पोवाला. त्याने कट केला.

दादूने बशी संपवली, मिशी पुसली आणि लगाम हातात घेतला.

"चल कमळे, मला निघायला हवं आता. ओरड."