भेटायला

कारखान्यातून काढल्याला सात महिने झाले होते. जुने साहेब गेल्याचं कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी हेच मनात आलं की भेटायला मोठी माणसं येतील. इस्त्रीचा शर्ट घातला आणि बायोडेटाच्या अकरा प्रती पिशवीत घेतल्या.

साहेबांच्या घरी तासभर बसलो. कुणीच आलं नाही. हार घातलेल्या फोटोतून साहेब तेवढे बघत होते.

निघताना वहिनी आतून एक कागद घेऊन आल्या. लेकीचा बायोडेटा होता.

"तुमचा विषय निघाला की हे नेहमी म्हणायचे, ठोसरांच्या ओळखी फार. हिला कुठे चिकटवता येईल का, भाऊजी?"

माझीच नोकरी गेल्याचं सांगायला तोंड उघडलं. पण सात महिने सगळ्यांकडून जे ऐकत आलो, तेच बाहेर पडलं.

"ठेवतो माझ्याकडे. काही असलं तर नक्की कळवतो."

वहिनींनी मला हात जोडले.