उड्डाणाआधीचं रडं

विमानाचं दार लागलं तरी मुलीचं रडं थांबेना.

साधंसुधं रडं नव्हतं ते. बेंबीच्या देठापासून येत होतं. जेमतेम चालायला लागलेली पोर, चेहरा लालबुंद, आईच्या मांडीवर धनुष्यासारखी ताणलेली. आईनं तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत घट्ट धरले होते आणि ती तिला डोलवत होती. पुढे, मागे. पुढे, मागे.

"हिला गाण्याच्या क्लासला घाला," मागून कुणीतरी म्हणालं. "दम बघा केवढा आहे!"

दोघंचौघं हसले. बाकीच्यांना हसण्याचं त्राण नव्हतं. प्रवास अख्ख्या दिवसाचा होता.

आईच्या एका बाजूला खिडकी होती, दुसऱ्या बाजूला नवरा. मधली वाट सोडून पलीकडे एक वयस्कर मावशी बसल्या होत्या.

"माफ करा हं," नवरा मान वळवून वळवून सगळ्यांना सांगत होता. "पहिल्यांदाच बसलीये विमानात." आवाज इतका मऊ की भांडायला उठलेला एक गृहस्थ मुकाट्यानं खाली बसला.

"कान दुखत असतील तिचे," मावशी म्हणाल्या.

"विमान जागचं हललं नाही अजून, कान कुठले दुखतायत!" मागचा आवाज.

मावशी त्याच्याकडे दुर्लक्ष करून पुढे वाकल्या. "अगं, हात तरी सोड तिचे. मोकळी राहू दे जरा."

"ओरबाडते हो," आई म्हणाली. "स्वतःचंच तोंड ओरबाडून घेते."

"बरं, मग तो स्वेटर तरी काढ तुझा. घामानं निथळतेयस नुसती."

"हिला थंडी बाधते," नवऱ्यानं बायकोच्या वतीनं उत्तर दिलं.

मावशींनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "जपता हो फार."

"जपावं लागतं." तो हसला. कोटाच्या आतल्या खिशावर त्यानं हात फिरवला. तिघांचेही पासपोर्ट तिथं होते. "एकदा नव्या घरी पोचलो की संपलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. तिथं म्हणावं रडा हवं तेवढं, कुणाला त्रास नाही."

आईचं डोलणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

एअर होस्टेस आली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते आता जड व्हायला लागलं होतं.

"मॅडम, बाळाला बरं नाहीये का? अशीच रडत राहिली तर मला कॅप्टनना सांगावं लागेल."

"होईल शांत," नवरा म्हणाला. "दोन मिनिटं द्या."

ती गेली. नवरा बायकोच्या कानाशी झुकला आणि काहीतरी बोलला. मावशींना शब्द ऐकू आले नाहीत. बायकोचा चेहरा मात्र पांढराफटक पडलेला दिसला. बिचारी, मावशींना वाटलं, किती घाबरलीये. पहिलटकरणीचं असंच असतं. पोर रडली की सगळं जग आपल्याकडे बघतंय असं वाटतं.

"दे इकडे तिला," नवरा म्हणाला.

"नको. तुमच्याकडे जास्त रडेल."

"दे म्हणतो ना."

त्यानं मुलीला काखांखाली धरून उचललं. त्या ओढाताणीत तिचा एक हात सुटला आणि तोंडाकडे गेला. आईनं झडप घालून तो पकडला, मुलीला परत छातीशी ओढलं. पोरीनं असा टाहो फोडला की पुढच्या रांगेतले लोकही उठून बघायला लागले.

"अहो, काहीतरी करा!" कुणीतरी ओरडलं.

एअर होस्टेस धावत आली. आईनं मान वर केली. ओठ थरथरत होते.

"ही कधी कधी श्वास धरते," ती म्हणाली. "रडता रडता. मग निळी पडते."

"निळी?" एअर होस्टेसचं हसू पार गेलं.

"कधी पडली निळी?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्ही बाहेरगावी होता तेव्हा."

"मला नाही सांगितलंस ते?"

एअर होस्टेस तोवर पडद्याआड गेली होती.

इंजिनाची घरघर थांबली. बंद झालेलं दार पुन्हा उघडलं. विमानात एक सामूहिक सुस्कारा उमटला, थोडा रागाचा, बराचसा सुटकेचा. डॉक्टरनं तपासून हो म्हटल्याशिवाय बाळाला नेता येणार नाही, असा कॅप्टनचा निरोप होता.

"अहो, काही झालेलं नाही तिला!" नवऱ्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. आपल्याकडे वळलेल्या माना पाहून त्यानं तो लगेच खाली आणला. "म्हणजे, उगाच सगळ्यांचा खोळंबा."

"जा बाई, दाखवून ये," मावशी म्हणाल्या. "होईल सगळं नीट."

दवाखान्याची खोली विमानतळाच्या एका कोपऱ्यात होती. एक पलंग, एक टेबल, भिंतीवर घड्याळ. मुलगी रडून रडून घोगरी झाली होती, तरी थांबत नव्हती. डॉक्टरबाईंनी दारातच हात आडवा धरला.

"जागा नाही आत. आईच येऊ दे फक्त."

"हिला नीट सांगता येत नाही," नवरा म्हणाला. "गोंधळते. मी सांगतो ना सगळं."

"बाळ सांगेल मला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लोटलं.

आईनं मुलीला पलंगावर बसवलं आणि तिचे हात सोडले.

मुलीनं अंगठा तोंडात घातला. खोलीत एकदम शांतता झाली. पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या.

डॉक्टरबाई स्टेथोस्कोप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "अगं, ही तर गप्प झाली की!"

"अंगठा मिळाला की होते," आई म्हणाली. आवाज अगदी हळू होता, पण त्यात थरथर नव्हती. "हिला काही झालेलं नाही, डॉक्टर. तपासायचं तर मला तपासा. पण आधी दाराला आतून कडी घाला."