रोज एक गोळी

साठीनंतर मल्टिव्हिटॅमिनची कुठली गोळी चांगली, यावर तिन्ही मुलांचं काही एकमत होईना. शेवटी थोरल्याने झिंकवाली बाटली पाठवली, मधलीने कॅल्शियमवाली आणि धाकट्याने सगळ्यांत महागडी.

रोज सकाळी पाठोपाठ तीन फोन यायचे. "आई, माझीच घेतेस ना?"

"तुझ्याच गोळीचा गुण आला बघ," आई प्रत्येकाला हळूच सांगायची. "त्या दोघांकडे बोलू नकोस हं."

महिनाभराने बाबांनी पाहिलं, तर एकाही बाटलीचं सील फुटलेलं नव्हतं.

"अगं, कुठलीतरी एक ठरव आणि कळवून टाक ना तिघांना!"

आईने बाटल्या पुसून पुन्हा ओळीत मांडल्या.

"अहो, मग उरलेल्या दोघांनी फोन कशासाठी करायचा?"