मंजूर चेहरा

"माझ्याकडे काय बघतेस? कागदाकडे बघ," उर्सुला म्हणाली.

थॉमसिनने मान खाली घातली आणि टाचणी पुन्हा कागदात रुतवली. राणीच्या चेहऱ्याचा जुना साचा वापरून वापरून चिंधी झाला होता. तो नव्या कागदावर ठेवायचा आणि भोकावर भोक पाडत दुसरा तयार करायचा. मग तो चित्राच्या लाकडी फळीवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटली की नाक, डोळे, हनुवटी ठिपक्यांनी उमटत, आणि उर्सुला रंग भरायला बसे. टोचणीचं काम थॉमसिनकडे अगदी लहानपणापासून होतं. आता तिच्याही केसांत रुपेरी बटा आल्या होत्या, पण नजर पक्की होती.

"भोक केसभर हललं तरी चेहरा बदलतो हं."

"माहीत आहे, आई."

लंडनमध्ये राणीला समोर बसवून चित्र काढणारे एक-दोघंच. बाकीचे सगळे दरबाराने मंजूर केलेल्या साच्यावरून काढत. साच्यातली राणी कधी म्हातारी होत नसे.

"साठी उलटली बाईची," उर्सुला कुंचला पुसत म्हणाली, "आणि इथे बघ, गालावर एक सुरकुती नाही. मलाही असा साचा करून द्या म्हणावं कुणीतरी."

"तुला कोण मंजूर करणार?"

"तेही खरंच." उर्सुला खळखळून हसली. "या बयेचा चेहरा मला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालाय."

वाटाण्याचं घट्ट सूप चुलीवर रटरटत होतं. रंग वाळेपर्यंत उर्सुलाला गप्प बसवत नसे. मग ती राणीबद्दल बोले, शेजारणीबद्दल बोलावं तसं.

"बापाने आईचं मुंडकं उडवलं तेव्हा पोरीला धड बोलताही येत नव्हतं. काल राजकन्या, आज कुणीच नाही! अंगावरचे कपडे आखूड झाले तरी नवे कुणी धाडेना. सावत्र आया आल्या, गेल्या. मोठेपणी सावत्र बहिणीने तुरुंगात घातलं. हिने काय केलं? ग्रीक नि लॅटिन शिकून बसली होती, बोलण्यात कुणाला सापडेना. पुढे सिंहासनावर बसली आणि लग्नाला आलेले राजेरजवाडे दारातूनच परत धाडले. कुणापुढे वाकली नाही, म्हणून मला आवडते."

"पण आईचं नाव चारचौघांत घेत नाही म्हणतात."

"घेईल कशी? गादी बापाची." उर्सुलाचा आवाज जरा उतरला. "आईची चित्रंही राहू दिली नाहीत म्हणे. राणी झाली तरी तिला आईचं तोंड आठवत नसेल, बघ."

थॉमसिनने टाचणी, वर्षानुवर्षं करत आली होती तशी, जुन्या भोकाच्या केसभर बाजूला रुतवली. तिच्या आईचंही चित्र कुणी काढलं नव्हतं. रंगाऱ्याच्या बायकोचं कोण काढतो? उर्सुलाने रंगवलेल्या प्रत्येक चित्राखाली नाव असे ते नवऱ्याचं, आणि तो जाऊन तर कितीतरी वर्षं झाली होती.

थॉमसिनने मान वर केली आणि पुन्हा आईकडे पाहिलं.

"परत तेच! सूप करपेल, ऊठ."

दुसऱ्या दिवशी उर्सुलाला ताप भरला. आठवडा सरायच्या आत ती चर्चच्या आवारात मातीखाली होती. तिचा कुंचला थॉमसिनने धुतला नाही. पांढरा रंग त्यावर दगडासारखा वाळला.

महिनाअखेर रंगाऱ्यांच्या संघाचा प्रमुख मास्टर हॉक्सली आला. दरबाराचा हुकूम होता: राणीचे खोटे, कुरूप चेहरे शोधून जाळून टाका. त्याच्या माणसांनी गल्लीच्या तोंडाशी जाळ केला होता. शेजारच्या दुकानांतल्या फळ्या त्यात तडतडत होत्या.

"तुमचा साचा दाखव, बाई."

"राणीसाहेबांना पाहिलंय तुम्ही?" थॉमसिनने विचारलं.

"मिरवणुकीत. लांबून." हॉक्सलीने घसा खाकरला. "पण माझ्या दिवाणखान्यात चित्र आहे ना! तुमच्याच दुकानातलं. रोज सकाळी टोपी काढून नमस्कार करतो त्याला."

त्याने आपलं चित्र गाडीतून आणवलं, दुकानातल्या चित्राशेजारी ठेवलं आणि दोऱ्याने कपाळ, नाक, हनुवटी मापून पाहिली. कुठेच फरक नव्हता. हॉक्सली खूश झाला. साच्यावर आणि फळीमागे त्याने लाखेचा शिक्का उमटवला.

"हाच खरा चेहरा. आजपासून शहरातल्या सगळ्या दुकानांनी हाच काढायचा. बाकीचे गेले जाळात." त्याने साचा गुंडाळून काखेत मारला. "हा मी नेतो. दुकान माझा भाचा चालवील."

"आणि मी?"

"तू लग्न कर. बाप नाही, नवरा नाही. दुकान कुणाच्या नावावर ठेवणार?"

"माझ्या आईने आयुष्यभर चालवलं हे दुकान."

"विधवा म्हणून चालवू दिलं. आणि केलं काय तिने? भोकांवर रंग फासला. वर्षभरानं तिचं तोंडही कुणाला आठवणार नाही." त्याने चित्र उचलून दाराबाहेर आणलं. "चला रे! राणीसाहेब निघाल्या!"

रीतच होती ती. गल्लीतल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. बेकरीवाला, कोळीण, जळत्या फळ्यांकडे बघत उभे असलेले रंगारी, सगळे चिखलात गुडघ्यांवर बसले. चित्र माणसांच्या हाती देऊन हॉक्सलीही वाकला.

थॉमसिन एकटी उंबऱ्यावर ताठ उभी राहिली.

"गुडघे टेक!" हॉक्सली खालून ओरडला. "कुणासमोर उभी आहेस, कळतंय का तुला?"

"तुमच्यापेक्षा जास्त कळतंय," थॉमसिन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "ही माझी आई आहे."