लहान पुली

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला, तसा विश्राम स्टिअरिंगवर पुढे झुकला. पुढे कंटेनर उलटून घाट तुंबलेला, आणि मागच्या सीटवर, दवाखान्यात न्यायला निघालेली, बाळंतपणाला माहेरी आलेली ताई कळांनी विव्हळत होती.

शर्यतीत दोन सेकंद वाचावेत म्हणून त्यानेच इंजिनाला लहान पुली बसवली होती. मेस्त्रीने बजावलं होतं, "गाडी थांबली की इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप सुस्तावेल. घाटात अडकलास तर रडशील."

इंजिनाची धग आत ओढायला त्याने हीटर लावला, पंप जोरात फिरावा म्हणून गिअर काढून ॲक्सिलरेटर दाबला. काटा केसभर उतरला. गाडीत मात्र भट्टी पेटली.

"मेल्या, आधीच मरतेय, त्यात भाजतोस?" ताई किंचाळली आणि गप्पच झाली.

काटा विसरून तो मागे वळला. "अगं ताई, शिव्या घाल, पण गप्प नको बसूस!"